साडेतीन हजार शब्द

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-पुण्याच्या ज्या घरांतून एखादा मुलगा अगर मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठीं अमेरिकेला जाण्याच्या खटपटीला लागे, त्या घरांत एक जाडजूड पुस्तक हटकून येई. बॅरन्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेचें तें मार्गदर्शक. कधीं तें नवें असे. पुष्कळदां अप्पा बळवंत चौकांतून किंवा फोर्टमधील पदपथावरून घेतलेलें, आधींच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा अंगावर वागवीत आलेलें असे. त्यांत गणित होतें, नमुन्याच्या परीक्षा होत्या. परंतु पुस्तकाचा लौकिक होता तो त्यांतील शब्दयादीचा. साडेतीन हजार इंग्रजी शब्द, पन्नास भागांत वांटलेले, वर्णानुक्रमानें लावलेले, प्रत्येकापुढें अर्थ आणि उपयोग दाखविणारें एक वाक्य. घरांत त्या शब्दांचा असा कांहीं घोष चाले कीं, परीक्षेशीं ज्यांचा सुतराम् संबंध नाहीं अशा मंडळींनाही त्यांतले कांहीं शब्द येऊं लागत. 'ए' या अक्षरानें सुरू होणारे शब्द बहुतेकांना चोख येत. शेवटच्या अक्षरांची गांठ मात्र फार थोड्यांना पडे.

परीक्षेचें नांव ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन; बोलण्यांत 'जीआरई'. तिच्या भाषिक विभागाची तयारी म्हणजे ही यादी, असें समीकरण कित्येक वर्षें रूढ होतें. २०११ सालच्या ऑगस्टांत परीक्षकांनीं ज्या प्रश्नांसाठीं ही यादी पाठ होत असे तेच प्रश्न काढून टाकले. तेव्हां त्या हजारों विद्यार्थ्यांची मेहनत वायां गेली काय? 'घोकंपट्टी' असा एक शब्द उच्चारला कीं या प्रश्नाचा निकाल लागला, असें पुष्कळांस वाटतें. पण निकाल इतका सोपा नाहीं, आणि तो लावण्यापूर्वीं परीक्षेच्या जन्मापर्यंत मागें जावें लागतें.

१९३६ सालीं कार्नेगी फाउंडेशनच्या शिक्षणविषयक संस्थेनें हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या पदव्युत्तर शाखांशीं मिळून ही परीक्षा आंखली आणि १९३७ च्या ऑक्टोबरांत ती प्रथम घेतली. तिचे प्रवर्तक विल्यम लर्नेड यांना एक गोष्ट सलत होती. महाविद्यालयें पदवी देतात ती विद्यार्थ्यानें किती तास वर्गांत घालविले हें मोजून. त्याच्या डोक्यांत काय राहिलें हें कोणी पाहातच नाहीं. पेनसिल्व्हेनिया राज्यांत त्यांनीं बेन वुड यांच्यासह केलेल्या दीर्घ पाहणींत, शाळेच्या अखेरच्या वर्गांतील कित्येक मुलें पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांहून अधिक गुण मिळवितात, असें आढळलें होतें. तेव्हां लर्नेड यांची परीक्षा ज्ञानाची होती. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, सामाजिक शास्त्रें, वाङ्मय आणि ललितकला या सातांच्या जोडीला आठवा घटक होता तो शब्दांचा. आरंभीं ती प्रवेशाचीही परीक्षा नव्हती. आधींच दाखल झालेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती देण्यांत आली.

१९४८ सालीं एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था कामाला लागली व परीक्षा तिच्याकडे गेली. पुढच्याच वर्षीं भाषा व गणित या दोन अंगांनीं उमेदवाराची कुवत मोजणारी स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. आजची जीआरई ही तिचीच वारस. लर्नेड यांना विद्यार्थ्यानें काय मिळविलें तें पाहावयाचें होतें. नव्या परीक्षेला तो काय मिळवूं शकेल तें पाहावयाचें होतें. ज्ञान अभ्यासानें वाढतें हें उघड आहे. कुवत अभ्यासानें वाढते काय? वाढत नसेल तर अभ्यास व्यर्थ. वाढत असेल तर परीक्षा जें मोजावयाचें म्हणते तें मोजीतच नाहीं. या पेंचांतून परीक्षक पुढील साठ वर्षें बाहेर पडूं शकले नाहींत.

कुवत मोजण्याचें साधन मात्र तयार होतें. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनीं पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या बुद्धिमापनाच्या धर्तीवर महाविद्यालयप्रवेशाची 'सॅट' परीक्षा रचली आणि २३ जून १९२६ रोजीं आठ हजारांवर उमेदवारांनीं ती दिली. विरुद्धार्थी शब्द ओळखणें, शब्दांच्या जोड्यांतील नातें ओळखणें, उतारा वाचून उत्तरें देणें, हे प्रकार तींत होते. या ब्रिगम यांनीं १९२३ सालीं एक पुस्तक लिहून, अशा मापनावरून मानववंशांची श्रेष्ठकनिष्ठता ठरते असें प्रतिपादन केलें होतें. आपलें तें प्रतिपादन निराधार असल्याचें १९३० सालीं त्यांनीं स्वतःच जाहीरपणें मान्य केलें. परीक्षा इंग्रजीची होती आणि माणसें निरनिराळ्या भाषांच्या घरांत वाढलेलीं होतीं, ही साधी गोष्ट ध्यानांत यायला त्यांना सात वर्षें लागलीं. प्रश्नांचे प्रकार मात्र टिकले, आणि पुढें जीआरईच्या भाषिक विभागांतही येऊन बसले.

त्यांतला शब्दजोड्यांचा प्रकार सर्वांत चतुर. मराठींत त्याचा नमुना असा होईल: वैद्याचें रोग्याशीं जें नातें तें वकिलाचें कोणाशीं? न्यायाधीश, साक्षीदार, पक्षकार, कारकून कीं कायदा? अनुभवी शिक्षक सांगत कीं पर्यायांकडे पाहूं नका; आधीं पहिल्या दोन शब्दांचें एक नेमकें वाक्य करा. 'वैद्य ज्याच्यासाठीं आपली विद्या वापरतो तो रोगी.' त्याच सांच्यांत वकिलाला बसवा कीं पक्षकार आपोआप पुढें येतो. 'वैद्य रोग्याला भेटतो' असें ढिलें वाक्य केलें तर पांचापैकीं तीन पर्याय बरोबर वाटूं लागतात. युक्ति साधी आहे, पण तिनें विचाराला खरोखरच शिस्त लागते. या प्रश्नप्रकाराविषयीं इतकें चांगलें बोलणें न्यायाचें होईल.

पण परीक्षक कठीण प्रश्न काढीत ते नातें कठीण करून नव्हे. पुष्कळदां शब्दच दुर्मिळ घालून. नातें कितीही सरळ असो, शब्द ठाऊक नसला तर तें दिसणार कसें? सॅट परीक्षेंतील एक जोडी या वादांत फार गाजली. धावणाऱ्याचें मॅरेथॉनशीं जें नातें, तें वल्हेकऱ्याचें रेगाटाशीं, असें उत्तर अपेक्षित होतें. रेगाटा म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घरच्यांनीं रविवारीं होड्यांच्या शर्यती पाहिल्या त्याला हा प्रश्न बुद्धीचा वाटला; ज्यानें होडी पाहिली ती फक्त मालाची, त्याला तो शब्द कोठें भेटणार होता? यादींत, एवढेंच उत्तर. शब्दयाद्यांचा जन्म आळसांतून झाला नाहीं. जो शब्द घरांत मिळाला नाहीं तो पुस्तकांतून मिळविण्याची ती खटपट होती.

ही खटपट धंद्याच्या रूपानें प्रथम यशस्वी केली ती स्टॅन्ली कॅप्लन यांनीं. ब्रुकलिनमध्यें नळकाम करणाऱ्या गृहस्थाचे हे चिरंजीव. वैद्यकीय महाविद्यालयांनीं त्यांना प्रवेश नाकारला. आपण ज्यू असल्यामुळें आणि फी न घेणाऱ्या सिटी कॉलेजचे पदवीधर असल्यामुळें हें घडलें, अशी त्यांची समजूत शेवटपर्यंत होती. १९३८ सालीं आईवडिलांच्या घरांतील तळघरांत त्यांनीं शिकवणीवर्ग काढला आणि १९४६ पासून सॅटची तयारी करून घ्यावयास सुरुवात केली. पुढें जीआरईही त्यांच्या वर्गांत आली. अशा परीक्षेचा अभ्यास होऊं शकत नाहीं, असें परीक्षक बजावीत. कॅप्लन यांना परीक्षेचा रागही नव्हता. वशिल्यापेक्षां गुणांची यादी बरी, असें मत नाकारल्या गेलेल्या माणसाचें होणारच. परीक्षा संपली कीं ते विद्यार्थ्यांना मेजवानीला बोलावीत. मुलें खात खात कोणते प्रश्न आले तें सांगत, आणि शिक्षक तें टिपून घेत. छापील प्रश्नपत्रिका बाहेर मिळत नसतांना प्रश्नांची धाटणी समजून घेण्याचा याहून स्वस्त उपाय नव्हता.

१९७९ सालीं दोन गोष्टी घडल्या. अमेरिकन सरकारच्या व्यापारआयोगानें शिकवणीवर्गांची चौकशी करून, अशा वर्गांनीं कांहीं विद्यार्थ्यांचे गुण प्रत्येक विभागांत सुमारें २५ नें वाढतात, असा निष्कर्ष काढला. आठशेंच्या मापांत पंचवीस म्हणजे चमत्कार नव्हे. परंतु 'मुळींच नाहीं' या दाव्याला तेवढें पुरेसें होतें. त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून, प्रवेशपरीक्षांचे झालेले प्रश्न व त्यांचीं उत्तरें उघड करण्याची सक्ति केली. परीक्षासंस्थेनें विरोध केला, पण कायदा झाला. त्याचें फळ म्हणजे पुढें संस्थेनें स्वतःच आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका पुस्तकरूपानें विकावयास काढल्या. १९९६ सालीं निघालेल्या अशा एका जाड पुस्तकांत सत्तावीस पूर्ण परीक्षा होत्या, आणि विद्यार्थी त्याला नुसतें 'बिग बुक' म्हणत. तयारीच्या साऱ्या साधनांत हें सर्वांत मोलाचें, असें म्हणावयास हरकत नाहीं. तिऱ्हाइतानें रचलेल्या प्रश्नांत उत्तर बरोबर कां याचें कारण पुष्कळदां रचणाऱ्यालाच सांगतां येत नाहीं. खऱ्या प्रश्नांत चुकीच्या प्रत्येक पर्यायालाही कारण असतें, आणि तें शोधणें हाच अभ्यास.

आतां पुन्हां यादीकडे वळूं. १९६५ सालीं अमेरिकेनें आपला देशांतराचा कायदा बदलल्यानंतर भारतांतून तिकडे जाणाऱ्या अभियंत्यांचा व शास्त्रज्ञांचा ओघ वाढला. हीं मुलें गणितांत वाघ आणि भाषिक विभागापुढें गरीब, अशी सामान्य स्थिति. त्यांनीं यादी जवळ केली हें स्वाभाविक होतें. ती पाठ करण्याची रीति मात्र बहुधा वाईट होती. वर्णानुक्रम हा शब्द शोधण्यासाठीं असतो, लक्षांत ठेवण्यासाठीं नव्हे. सारख्या दिसणाऱ्या शब्दांची रांग लागली कीं एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. शिवाय एका दिवसांत एक भाग, म्हणजे सत्तरएक शब्द, वाचून काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशीं पुढच्या भागाकडे वळावयाचें, अशी घाई. पन्नास दिवसांनीं यादी संपे. पण पहिल्या आठवड्याचे शब्द तोंवर पुसट झालेले असत.

हें असें होणार हें १८८५ पासून ठाऊक होतें. त्या वर्षीं हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें आपल्या स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करावयाचे, आणि कांहीं वेळानें तेच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावयाचें, अशी त्याची कंटाळवाणी पण प्रामाणिक पद्धति. एका दिवसांत मूळ श्रमांपैकीं दोन तृतीयांश फुकट जातात, परंतु महिन्यानंतरही सुमारें एक पंचमांश शिल्लक राहातात, असें त्याला दिसलें. विसर आधीं झपाट्यानें पडतो, मग हळूहळू. त्यावरून उपाय उघड होतो: पुनरावृत्ति आधीं लवकर, मग अधिकाधिक अंतरानें. १९३९ सालीं हर्बर्ट स्पिट्झर यांनीं आयोवा राज्यांतील ३,६०५ शाळकरी मुलांवर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखविली. वाचलेल्या मजकुरावर लगेच परीक्षा घेतली तर तो टिकतो. उशीर केला तर घसरतो. म्हणजे पुन्हां वाचण्यापेक्षां झांकून आठवून पाहाणें अधिक गुणकारी. १९७२ सालीं सेबास्टियान लाइटनर यांनीं या दोन्ही तत्त्वांना एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसविलें. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत, जो उशिरां तपासावयाचा. नाहीं आठवला तर परत पहिल्या कप्प्यांत. आज मोबाइलवर शब्द विचारणारीं यंत्रें याच खोक्याचीं नातवंडें होत.

आपल्याकडे ही गोष्ट अगदींच अपरिचित होती असें नाहीं. रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत करण्याची पाठशाळेंतील चाल जुनी. अमरकोशांत सुमारें दीड हजार श्लोक, तीन कांडें. आणि रचना अर्थाप्रमाणें, स्वर्गाचे शब्द एकत्र, भूमीचे एकत्र. त्याला छंद होता, रोजचें म्हणणें होतें. पण अमरकोशाची खरी शक्ति त्याच्या पुढच्या पायरींत होती. कोश पाठ करणारा विद्यार्थी लगेच काव्याला बसे, आणि काल पाठ केलेला शब्द आज त्याला रघुवंशांत एखाद्या राजाच्या अंगावर भेटे. बॅरन्सच्या यादीचा विद्यार्थी शब्द पाठ करी आणि पुन्हां यादींतच त्याला भेटे. पुस्तकांतला, वृत्तपत्रांतला, भांडणांतला तो शब्द त्यानें पाहिलेलाच नसे. हा फरक लहान नव्हे.

ज्यांना हें कळलें त्यांनीं दुसरा मार्ग धरला. १९४९ सालीं निघालेलें नॉर्मन लुईस यांचें 'वर्ड पॉवर मेड ईझी' हें पुस्तक भारतांत आजही खपतें, कारण तें शब्दांची रांग न लावतां ग्रीक व लॅटिन धातूंभोंवतीं त्यांचीं कुटुंबें उभीं करतें. या मार्गावर मराठी मुलाला एक फायदा होता, तो मात्र कोणत्याच शिकवणीवर्गानें त्याच्या पदरांत नीट घातला नाहीं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचें मूळ एक असावें, हें विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या व्याख्यानांत सुचविलें होतें. ज्याला 'मृत' ठाऊक आहे त्याला 'मॉर्टल' नवा नाहीं. 'दंत' येतो त्याला 'डेंटल' येतो. 'मातृ' आणि 'मेटर्नल', 'परि' आणि 'पेरिमीटर'मधील 'पेरी', 'जन्' धातु आणि 'जेनेसिस', हीं सारीं एका घरचीं. 'अमर'मधील 'अ' आणि 'अ‍ॅमॉर्फस'मधील 'अ' एकच नकार करतात. आजीनें शिकविलेल्या स्तोत्रांत अर्धे धातु आधींच येऊन गेलेले असत, आणि नातू तेच अमेरिकन पुस्तकांतून नव्यानें पाठ करी! अर्थात् कित्येक शब्दांना धातु कामास येत नाहीं, तेथें गोष्ट कामास येते. मितभाषी या अर्थाचा 'लॅकॉनिक' हा शब्द स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून आला, कारण तेथले लोक मोजकें बोलत. ही गोष्ट एकदां कळली कीं तो शब्द पाठ करावा लागत नाहीं.

१९९२ पासून परीक्षा संगणकावर आली, आणि १९९३ पासून संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडूं लागला. एकदां दिलेलें उत्तर बदलतां येत नसे. पहिल्या कांहीं प्रश्नांवर सर्वस्व ठरतें अशी समजूत पसरली व विद्यार्थी तेथें मिनिटांमागून मिनिटें घालवूं लागले. पण याहून मोठी अडचण वेगळीच निघाली. परीक्षा रोज, प्रश्नांचा साठा मर्यादित. १९९४ सालीं कॅप्लन यांच्या संस्थेनें आपलींच माणसें परीक्षेला बसवून, त्यांनीं स्मरणानें लिहून काढलेले प्रश्न परीक्षासंस्थेपुढें ठेवले. कुंपण किती ठेंगणें आहे हें त्यांना दाखवावयाचें होतें, असें त्यांचें म्हणणें. परीक्षासंस्थेनें त्यांच्यावर खटला भरला.

आठ वर्षांनीं तेंच कुंपण पूर्वेकडे मोडलें. बीजिंगमध्यें यू मिन्हाँग या माजी प्राध्यापकानें १९९३ सालीं काढलेल्या न्यू ओरिएंटल या शिकवणीसंस्थेंत शेकडों विद्यार्थी एकेका दालनांत बसून जीआरईचे शब्द गिरवीत. यू यांनीं रचलेलें लाल वेष्टनाचें शब्दपुस्तक तिकडे बॅरन्सच्या जागीं होतें. परीक्षासंस्थेनें आपले प्रश्न परवानगीवांचून छापल्याबद्दल या संस्थेवर फिर्याद केली व बीजिंगच्या न्यायालयानें ती मान्य केली. इकडे परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आठवलेले प्रश्न संकेतस्थळांवर लिहूं लागले होते. २००२ सालीं परीक्षासंस्थेनें जाहीर केलें कीं भाषिक विभागाची सरासरी चीनमध्यें सुमारें शंभर गुणांनीं आणि दक्षिण कोरियांत पन्नासांनीं फुगली आहे. त्या देशांत, तसेंच तैवानांत, संगणकावरील परीक्षा बंद करून पुन्हां कागद आणावा लागला. यादी पाठ करणें आणि प्रश्नच पाठ करणें यांत नैतिक अंतर मोठें आहे. दुर्दैवानें परीक्षेच्या मापाला तें अंतर दिसत नाहीं. तें दोघांनाही सारखेच गुण देतें.

परीक्षा बदलण्याचा पहिला बेत २००७ सालीं ऐन वेळीं रद्द झाला. अखेर १ ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्द व शब्दजोड्या गेल्या, सॅटमधून त्या अनुक्रमें १९९४ व २००५ सालींच गेल्या होत्या. संदर्भावांचून शब्द विचारणें थांबवावयाचें, असें परीक्षासंस्थेनें ठरविलें. गुणांचें मापही २०० ते ८०० ऐवजीं १३० ते १७० झालें. राहिले ते उतारे आणि गाळलेल्या जागा, तेही अधिक कसून. एका मजकुरांत तीन जागा रिकाम्या असल्या तर तिन्ही बरोबर भराव्या लागतात. दोन भरल्या तर गुण शून्य. दुसऱ्या प्रकारांत एकाच जागेसाठीं सहांतून असे दोन शब्द निवडावयाचे कीं दोहोंनीं वाक्याचा अर्थ एकच व्हावा. येथें यादीच्या विद्यार्थ्यासाठीं सापळा आहे. सहांत दोन समानार्थी शब्द असे ठेवलेले असतात कीं त्यांची जोडी सुरेख जमते, फक्त वाक्यांत बसत नाहीं.

म्हणून तयारीची दिशा फिरली. पर्याय झांकून आधीं वाक्य वाचावें, रिकाम्या जागीं स्वतःचा साधा शब्द घालावा, मगच पर्याय उघडावे. वाक्याचा सांधा कोठें आहे तें पाहावें. 'त्याचें लेखन जरी पाल्हाळिक असलें, तरी बोलणें फार ___ असे' या वाक्यांत सारें वजन 'जरी' आणि 'तरी' यांवर आहे. तेवढें दिसलें कीं 'मोजकें' हा शब्द शोधावा लागत नाहीं. ओळखीच्या शब्दांपासून विशेष जपावें. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र होणें हें शाळकरी मुलालाही ठाऊक असतें, पण विद्वानांच्या लेखनांत तो शब्द आपल्याच विधानाला मर्यादा घालणें या अर्थानें येतो. 'सँक्शन' म्हणजे संमति, आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही. यादींतले दुर्मिळ शब्द ज्यांना येतात तेही अशा घरगुती शब्दांवर अडखळतात, हें पाहून जुन्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल. उताऱ्यांत तर शब्दांपेक्षां लेखकाचा रोख महत्त्वाचा: कोणाचें मत तो केवळ सांगतो आहे, कोणतें खोडतो आहे, आणि कोठें अर्धवट मान डोलावतो आहे.

हा बदल योग्य दिशेचा झाला यांत शंका नाहीं. जो माणूस पुढें संशोधनाचे निबंध वाचणार, त्याची परीक्षा वाचनाचीच असावी. परंतु त्याची किंमत कोणी दिली तेंही पाहावें. ज्या मुलाच्या घरीं इंग्रजी ग्रंथांचें कपाट होतें, ज्याच्या शाळेंत पहिल्यापासून ती भाषा होती, त्याला नवी परीक्षा सोपीच गेली. वाचनाची सवय त्यानें न विकत घेतां मिळविली होती. सांगली-साताऱ्याकडे दहावीपर्यंत मराठींत शिकलेल्या आणि मग अभियांत्रिकीला आलेल्या मुलाला जुन्या परीक्षेंत निदान एक निश्चित वाट होती. शब्द साडेतीन हजार होते, म्हणजे मोजलेले होते. त्यांतले वारंवार येणारे तीनशें तेहेतीस बॅरन्सनेंच वेगळे काढून दिले होते. सहा महिने पहाटे उठून तें अंतर कापतां येत असे. वाचनाच्या सवयीला तशी यादी नसते, आणि ती सहा महिन्यांत होत नाहीं. ज्यांनीं घोकंपट्टीची थट्टा केली त्यांच्यापैकीं बहुतेकांना ती करण्याची गरज पडलेली नव्हती.

त्या मुलाचें पाठांतर वायां गेलें असेंही म्हणतां येत नाहीं. पाठ केलेल्या शब्दांपैकीं जे पुढें ग्रंथालयांत, व्याख्यानांत, एखाद्या प्राध्यापकाच्या शेऱ्यांत पुन्हां भेटले ते कायमचे राहिले. एबिंगहाउसनें मोजलेला तो शिल्लक पंचमांश तेथें उपयोगी पडला. बाकीचे गेले.

सप्टेंबर २०२३ पासून सारी परीक्षाच आंखूड झाली. ती एक तास अठ्ठावन्न मिनिटांत संपते. भाषिक विभागाला त्यांतलीं एकेचाळीस मिनिटें येतात, आणि प्रश्न सत्तावीस: आधीं अठरा मिनिटांत बारा, मग तेवीस मिनिटांत पंधरा. पहिल्या बारांत उमेदवार कसा उतरतो त्यावर पुढील पंधरा किती कठीण यावयाचे तें ठरतें. आपल्या भागांतील उत्तर आतां मागें जाऊन बदलतां येतें. अनेक विद्यापीठांच्या कित्येक शाखांनीं तर मध्यंतरीं ही परीक्षा मागणेंच सोडलें. तरी ज्यांना ती द्यावयाची असते ते विद्यार्थी दोन-तीन महिने आधीं तयारीला लागतात. सकाळीं इंग्रजींतला एखादा लांब, रुक्ष वाटणारा लेख वाचतात, परिच्छेदाच्या शेवटीं थांबून लेखकाचें म्हणणें आपल्या मराठींत एका वाक्यांत सांगून पाहातात, आणि त्यांत अडलेला शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवतात, त्याच्या वाक्यासकट.